१८ इंची व्हीलचेअर घेऊन बसलो, भाऊ पुढे घसरतो. माप नेमकं कसं घ्यायचं?

मानेवाडा_रिंगरोड

मोठ्या भावासाठी विचारतोय. वय ३४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ५८ किलो. मणक्याला मार, टी-१० पातळी (छातीच्या भागातला दहावा मणका). कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात, खांदे, छाती मजबूत. दवाखान्यातून सुटी होताना घाईघाईत घडीची स्टीलची व्हीलचेअर घेतली, सीट १८ इंच रुंद. आता अडचणी अशा:

अर्ध्या-पाऊण तासात तो सीटवर पुढे घसरतो, वर ओढून बसवावं लागतं. स्वतः चाक ढकललं की दहा मिनिटांत खांदे भरून येतात. बाथरूमची चौकट २४ इंची आणि खुर्ची बाहेरून बाहेर २६ इंच, म्हणजे आत जाणं शक्यच नाही. समोरच्या दाराला तीन पायऱ्या, एकूण उंची १८ इंच. दुकानदाराने सोबत हवेची गोल गादी दिली आहे, मधे भोक असलेली. ती वापरावी का?

नवीन खुर्ची घ्यायची तर ४० हजारांपर्यंत जमेल. की सरळ बॅटरीवालीच घ्यावी? उन्हाळाही तोंडावर आहे. नेमके आकडे सांगाल तर बरं होईल, नुसतं ‘तज्ज्ञांना विचारा’ नको.

कणा_आणि_चाक

ती भोकाची गादी आजच बाजूला काढा. तिच्या कड्यावर सगळं वजन येतं आणि भोकातल्या कातडीकडे जाणारं रक्त त्याच कड्याखाली अडतं. जी जागा वाचवायची, तिचीच उपासमार. ज्याला दुखतं तो माणूस कूस तरी बदलतो. संवेदना नसलेल्याला जखम होईपर्यंत पत्ता लागत नाही.

दुसरं म्हणजे क्रम उलटा धरा. लोक आधी खुर्ची घेतात, मग तिच्यावर गादी टाकतात. इथे आधी गादी ठरवायची आणि त्या गादीवर बसवून खुर्चीची मापं काढायची. चार इंची गादी माणसाच्या वजनाने दबल्यावरही त्याला तीनेक इंच वर उचलते. त्या तीन इंचांनी फूटरेस्ट, आर्मरेस्ट, पाठीचा टेका, चाकापर्यंत पोचणारा हात, सगळंच हलतं.

माप पलंगावर बसवून घेऊ नका, गादीत माणूस रुततो. लाकडी बाकावर बसवा, पाठ भिंतीला टेकलेली, पायात रोजचे बूट, एकाने समोरून खांदे धरलेले. मग:

कंबर: कुल्ह्यांच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या वह्या उभ्या टेकवा आणि वह्यांमधलं अंतर मोजा. त्यात जास्तीत जास्त एक इंच मिळवा, ती सीटची रुंदी. ‘थोडी मोकळी बरी’ हा सल्ला इथे घात करतो. सीट रुंद असली की कंबर एका बाजूला कलते आणि एकाच बसण्याच्या हाडावर भार येतो. शिवाय चाकं लांब गेल्यामुळे हात पंखासारखे फाकवून ढकलावं लागतं. खांदे भरून येण्याचं अर्धं कारण तेच.

मांडी: ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. त्यातून दीड ते दोन इंच वजा करा, ती सीटची खोली. खोली जास्त झाली तर सीटची कड पोटरीला अडते आणि कंबर मागे पोचतच नाही.

पिंढरी: गुडघ्यामागच्या खोबणीपासून बुटाच्या टाचेपर्यंत. दबलेल्या गादीचा वरचा पृष्ठभाग ते फूटरेस्टची पाटी हे अंतर एवढंच हवं. आणि पाटी जमिनीपासून किमान दोन इंच वर.

पाठ: दाबलेल्या गादीपासून खांद्याच्या फावड्याच्या (पाठीवरच्या पसरट हाडाच्या) खालच्या टोकापर्यंत. टी-१० ला धडाचा बराच ताबा असतो, त्यामुळे टेका त्या टोकाच्या बोटभर खालीच संपावा. वर गेला तर ढकलताना फावडं अडतं.

चाक: हात सैल खाली सोडल्यावर मधल्या बोटाचं टोक मागच्या चाकाच्या आसापाशी यायला हवं. हात चाकाबाहेरच्या, ढकलायच्या रिंगच्या माथ्यावर ठेवला की कोपरात १०० ते १२० अंशांचा कोन. बाजारातल्या साध्या खुर्चीत आस पाठीच्या नळीच्या रेषेत पक्का बसवलेला असतो, पुढे-मागे होत नाही. ॲक्टिव्ह प्रकारच्या, म्हणजे स्वतः ढकलणाऱ्यासाठी बनवलेल्या खुर्चीत तो पुढे घेता येतो. मग ढकलणं हलकं होतं, पण खुर्ची मागे कलंडायला सोपी होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने मागची अँटी-टिपर चाकं (खुर्ची उलटू न देणारी लहान चाकं) काढायची नाहीत.

पुढे घसरण्याची कारणं साधारण तीन: सीट जास्त खोल, सीटचं कापड झोळीसारखं लोंबलेलं, किंवा फूटरेस्ट फार खाली. मापं टाका, कोणतं ते सांगता येईल.

मिस्त्री_मनीषनगर

रॅम्पचं मी सांगतो. उतार १:१२, म्हणजे एक इंच चढायला एक फूट लांबी. १८ इंचाला १८ फूट, वर दारापुढे पाच फूट सपाट जागा वेगळी. लोक पायऱ्यांवरच पाच-सहा फुटांची लोखंडी प्लेट टाकून देतात, तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे भाऊ. वर जाताना खुर्ची मागे उलटते, उतरताना माणूस तोंडावर.

चेकर्ड प्लेट तर नागपुरात घेऊच नका. मे महिन्यात तिच्यावर हात टेकला तर भाजते आणि पावसात तिच्यावरच चाक सरकते. काँक्रीटच करा, वरून ओल्यातच खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. पॉलिश कोटा नाही, व्हिट्रिफाइड टाइल नाही. रुंदी किमान ३ फूट मोकळी, दोन्ही बाजूंनी तीन इंचाची कड, नाही तर पुढचं लहान चाक काठावरून उतरते. पकडायला रेलिंग ७५ ते ९० सेंमी उंचीवर.

समोर जागा नसेल तर बाजूच्या मार्जिनमधून, म्हणजे घर आणि कुंपणामधल्या गल्लीतून नेता येते काय ते पहा. पुष्कळ प्लॉटवर स्वयंपाकघराचं दार त्या गल्लीत उघडते. गल्लीची लांबी-रुंदी कळवा.

संत्रा_बर्फी

एवढी मोजमापं कशाला? बॅटरीवाली घ्या, खांद्याचा प्रश्नच मिटला. जॉयस्टिक फिरवली की झालं.

कणा_आणि_चाक

@संत्रा_बर्फी, हात धड असलेल्या ३४ वर्षांच्या माणसाला घरात बॅटरीवाली देणं म्हणजे त्याचा व्यायाम काढून घेणं. शिवाय ती जड, तीन पायऱ्या उचलून चढवता येत नाही, ऑटोत बसत नाही. माप चुकलेलं असेल तर बॅटरीवाल्या खुर्चीतही तो घसरणारच, फक्त जास्त वेगाने.

रस्त्यावर लांब जायचं असेल तर वेगळी सोय आहे: हाताच्या खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून निघालेली निओमोशनची निओफ्लाय खुर्ची अंगाच्या मापाने बनवून मिळते आणि निओबोल्ट तिला पुढून लागतो. घरात आले की मोटर सोडवून ठेवायची. घेण्याआधी बाहेरून बाहेर रुंदी मात्र लेखी मागा, आणि गादी कितव्या इंचाची धरून माप लावलं तेही विचारा.

त्वचा_प्रथम

गादी आणि उन्हाळा, दोन्ही इथेच सांगते.

टी-१० साठी पर्याय दोन. एक, चार इंची जास्त घनतेचा फोम, मागे बसण्याच्या हाडांसाठी खोलगट आणि पुढे मांड्यांसाठी दोन पन्हाळी काढलेला. दुसरा, सुट्या कप्प्यांची हवेची गादी. हवेची गादी दाब जास्त चांगला वाटून देते, पण रोज तपासावी लागते. न तपासलेल्या हवेच्या गादीपेक्षा चांगला फोम बरा. तपासायचं असं: भाऊ गादीवर बसलेला असताना तळवा वर करून हात गादी आणि कंबर यांच्यामध्ये घाला, बसण्याचं हाड शोधा. हाडाखाली गादीचा तळ १ ते २.५ सेंमीवर लागायला हवा. तळ लगेच लागला तर हवा कमी. बोटं हलवायला भरपूर जागा असेल तर हवा जास्त, आणि तेही तितकंच वाईट, कारण माणूस फुग्यावर बसल्यासारखा डोलतो. फोमलाही हीच परीक्षा लावा; उठल्यावर खड्डा परत वर येत नसेल तर फोम मेला समजायचा.

कूलरच्या खोलीत भरलेली हवा दुपारच्या ४५ अंशांत फुगते आणि गादी ताठरते, बाहेर पडल्यावर पुन्हा हात घालून पहा. चिखलदऱ्याला गेलात तर वर पोचल्यावर थोडी हवा सोडा: नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर, तिथे बाहेरचा दाब कमी. परत आल्यावर पुन्हा भरा, हे लोक हमखास विसरतात.

गादीवर टॉवेल, चादरीची घडी, रेक्झिन यातलं काही नको. टॉवेलच्या सुरकुत्या रुततात, ताणलेली चादर गादीला काम करू देत नाही, रेक्झिनखाली घाम साचून कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी लवकर फाटते. ताणलं जाणारं, हवा जाणारं कव्हर, दोन नग, एक धुवायला. जेलची गादी असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ती तापते, बराच वेळ तापलेली राहते, आणि बसणाऱ्याला चटका कळत नाही.

दर १५ ते ३० मिनिटांनी दाब उतरवायचा. दंडावर जोर देऊन दहा सेकंद उचललं म्हणजे झालं, असं नाही. दबलेल्या जागी रक्त पूर्ववत व्हायला सुमारे दोन मिनिटं लागतात. एवढा वेळ हातांवर उचलून राहणं कुणालाच जमत नाही आणि खांदे झिजतात ते वेगळंच. त्यापेक्षा ब्रेक लावून पुढे वाकायचं, छाती मांड्यांवर, दोन मिनिटं. टेबलावर कोपरं टेकवली तरी चालतं. मोबाइलवर गजर लावा.

सकाळ-संध्याकाळ आरसा धरून माकडहाड, दोन्ही बसण्याची हाडं, कुल्ह्यांच्या बाजू, टाचा पहायच्या. डाग अर्ध्या तासात गेला नाही, किंवा बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर त्या जागेवर बसणं बंद आणि डॉक्टरांना दाखवणं. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने आजूबाजूपेक्षा गरम लागते का, टणक लागते का हेही पहा.

इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड करायची अर्धी यंत्रणा बंद असते. टी-६ आणि त्यावरच्या इजेत हे फार गंभीर, टी-१० ला तुलनेने कमी, पण दुपारी १२ ते ४ बाहेर नकोच. पाण्याची स्प्रे बाटली आणि ओला पंचा मानेवर. लोखंडी रिंग तापते म्हणून सायकलचे हातमोजे. उन्हाळ्यात पाणी वाढवलं की कॅथेटरच्या (लघवी काढायच्या नळीच्या) वेळाही जवळ आणाव्या लागतात; दर वेळी निघणारी लघवी ५०० मिलिच्या आत राहील असं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्या. पाणी कमी पिऊन खेपा वाचवणं हा शहाणपणा नाही, त्यातून संसर्ग होतो.

आणि गीझरचं पाणी. पायांवर ओतण्याआधी कोपराने पहा, दर वेळी.

मानेवाडा_रिंगरोड

धन्यवाद! बाकावर बसवून मापं घेतली. कंबर १४ इंच. मांडी १८. पिंढरी बुटासह १७. सध्याच्या खुर्चीची सीट १६ इंच खोल, सीट ते फूटरेस्ट १९ इंच. सीटवर आडवी काठी ठेवली तर कापड मधोमध दोन इंच खाली लोंबते.

समोर गेटपर्यंत ११ फूटच आहेत. बाजूची गल्ली ४ फूट रुंद, २६ फूट लांब, स्वयंपाकघराचं दार तिकडेच उघडते. माती काळी आहे, पावसाळ्यात चिखल होतो.

कणा_आणि_चाक

मग सीटची खोली निर्दोष आहे, १८ वजा २ म्हणजे १६. चोर दोन निघाले. फूटरेस्टची पाटी दोन इंच खाली आहे, त्यामुळे पाय लटकतात आणि पायांचं वजन कंबरेला पुढे ओढतं. आणि झोळी: तिच्यात मांड्या आत वळतात, कंबर मागे लोळते, मग घसरण आलीच.

नवी खुर्ची येईपर्यंतचा तोडगा: १२ मिमी प्लायची फळी, कडा आणि कोपरे घासून गोल केलेले, दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर टेकेल एवढी. खालून दोन पट्ट्या ठोका म्हणजे ती सरकणार नाही. तिच्यावर चार इंची फोम. आता बसण्याची पातळी तीन इंचांनी वाढली, म्हणून सीट ते पाटी २२ झालं आणि तुम्हाला हवं १७. म्हणजे फूटरेस्ट पाच इंच वर. नळीच्या बोल्टाला तेवढी जागा नसेल तर पाटीवर लाकडी ठोकळा पक्का बसवा आणि टाचेमागे पट्टा लावा. कंबरपट्टा मांडी आणि कंबर यांच्या सांध्यावर, ४५ अंशांत खाली-मागे ओढलेला. पोटावर बांधला तर काहीच उपयोग नाही, उलट घसरल्यावर तो छातीत येतो.

या जुगाडाचा तोटा: माणूस उंच बसतो, हात चाकाला कमी पोचतो. खांद्यांसाठी खरा इलाज नवी खुर्चीच.

नवी: रुंदी १५, खोली १६, फूटरेस्ट गादीवर बसवून १७, आस सरकवता येणारा. साध्या घडीच्या खुर्चीत बाहेरची रुंदी सीटपेक्षा सुमारे आठ इंच जास्त असते, म्हणजे २३. तुमच्या २४ च्या चौकटीत दाराची फळी उघडल्यावर दीड इंच जातो, राहिले साडेबावीस. फळी काढून पडदा लावला तरी दोन्ही बाजूंना अर्धाच इंच, बोटं रिंगवर ठेवता येणार नाहीत. त्यापेक्षा बाथरूमसाठी लहान चाकांची वेगळी कमोड चेअर, बाहेरून २१ इंचांच्या आतली, आणि मोठी खुर्ची दाराबाहेर. कमोडची सीट गादीचीच हवी. कडक प्लास्टिकवर अर्धा तास बसून आठवड्याभराची काळजी पाण्यात जाते.

मिस्त्री_मनीषनगर

गल्ली मस्त आहे, सरळ रॅम्प होते. १८ फूट उतार, वर ५ फूट सपाट, खाली ३ फूट उरतात. तिथे गल्लीचं तोंड मोकळं असू द्या, गाडी उभी करू नका. चार फुटांत दाराकडे काटकोनात वळणं जेमतेम जमते, १८ इंची खुर्चीने नाही जमणार, १५ वालीने जमेल. दाराचा उंबरठा काढून टाका किंवा दोन्हीकडून उतार द्या.

काळी माती उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर तसंच काँक्रीट टाकलं तर पहिल्याच पावसाळ्यानंतर भेग पडून मधे ओठासारखी कड तयार होते, त्यात पुढचं चाक अडकते. दीड-दोन फूट माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून थरा-थराने ठोका, वर चार इंच काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). घराच्या भिंतीला भराव चिकटवू नका, जोत्याच्या वर ओल चढते. दोन इंच फट सोडा. तेवढी सोडूनही ३ फूट रॅम्प आणि कड बसते. गल्लीचं पावसाचं पाणी कुठे जाते ते आधी पहा आणि रॅम्पखालून चार इंची पाइप टाका, नाही तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

बाथरूमचा ग्रॅब बार विटेच्या भिंतीत एक्स्पान्शन बोल्टने, विटेत शिरेल एवढा लांब. नुसता टाइल-प्लास्टरमध्ये बसवला तर एक दिवस हातात येते. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून प्लेट.

कागदपत्रं_तयार

योजनेतून खुर्ची घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि उत्पन्नाची अट असते, आणि एकदा साधन घेतलं की त्याच कामासाठी पुन्हा ३ वर्षं मिळत नाही. मोजमाप शिबिरात घाईत ‘मोठी चालेल’ म्हणून सही केली तर ३ वर्षं तीच १८ इंची. वर दिलेली मापं कागदावर लिहून न्या. मोजमाप आणि वाटप एकाच दिवशी नसतं, मध्ये काही महिने जाऊ शकतात, म्हणून प्लायवाला तोडगा आत्ताच करून घ्या.

आधी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज, मग वैद्यकीय मंडळाची तपासणी. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल, आधार, फोटो सोबत. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी (दिव्यांगांसाठीचं प्रादेशिक केंद्र) आहे, तिथे साधनांबद्दल विचारणा करता येते. महापालिकांना स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून मनपाच्या समाज विकास विभागात चालू योजना विचारून या.

तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल आणि भाऊ तुमच्यावर अवलंबून असेल तर आयकरात अवलंबित दिव्यांगासाठीची (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. भावाने स्वतःच्या दिव्यांगत्वाची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०यू) घेतलेली नसावी.

मानेवाडा_रिंगरोड

प्लाय कापून आणली, फूटरेस्टला ठोकळा लावला. एक शेवटचं: मागच्या डाव्या चाकाची ट्यूब बसली आहे आणि त्या बाजूचा ब्रेकही लागत नाही. सायकलच्या दुकानातून २४ ची ट्यूब-टायर आणू का?

कणा_आणि_चाक

ब्रेक बिघडलेला नाही. तो टायरवर दाबून बसतो, हवा गेली की दाबायला काही उरत नाही. आधी हवा, मग ब्रेकचा नट.

टायर बदलायची वेळ आली तर जपून. व्हीलचेअरचं सहसा २४ × १ ३/८ असतं, कडेवर ३७-५४० छापलेलं. लहान मुलांच्या सायकलींना बहुतेक वेळा २४ × १.७५ असतं, ते ५०७ चं. दोन्ही ‘२४’, पण टायर बसतो त्या रिमच्या व्यासात ३३ मिमीचा फरक, चढणारच नाही. जुना टायर सोबत न्या आणि ५४० हा आकडा जुळवा. हवा टायरच्या कडेवर लिहिली असेल तेवढीच. परत बसवताना पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरेही काढून घ्या.